थांब्यावरची मुंबई

कुलाबा कॉजवेवरून रिगल सिनेमाच्या दिशेनं चालायला लागलं की डाव्या हाताला इलेक्ट्रिक हाउस लागतं. समोर बसगाड्यांची वर्दळ, पदपथावर कपड्यांचे नि चपलांचे ठेले. ट्राम चालवणाऱ्या स्टर्न्स अँड किटरेज या अमेरिकी पेढीचं कार्यालय एके काळी याच जागी होतं आणि ट्राम सुरू झाली तेव्हा तिच्या पागेत ९०० घोडे होते. ९ मे १८७४ रोजी मुंबईत पहिली घोड्यांची ट्राम धावली. मार्ग दोन होते: कुलाबा ते पायधुणी, क्रॉफर्ड मार्केटवरून, आणि बोरीबंदर ते पायधुणी, काळबादेवीवरून. हे दोन्ही रस्ते आजही एका सकाळीत पायी होतात. या रस्त्यांची जुनी छायाचित्रं आणि चित्रपोस्टकार्डं सोबत असली, तर शहर कसं बदललं याची एक निराळीच हकिकत हाती लागते. वाहतुकीचं जुनं छायाचित्र म्हटलं की आपण त्यात वेग शोधतो. चाकं, वाफ, धावपळ. मात्र ही चित्रं एकामागून एक पाहत गेलं की लक्षात येतं, त्यांत वेग जवळजवळ कुठेच नाही. ट्राम उभी आहे, व्हिक्टोरिया घोडागाड्या उभ्या आहेत, माणसं उभी आहेत. माझं म्हणणं असं की याला निव्वळ कॅमेऱ्याची मर्यादा म्हणून सोडून देणं बरोबर नाही. आधुनिक शहरानं माणसाला धावायला लावलं हे खरं; पण त्याच्याही आधी त्यानं थांबायला शिकवलं. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या पैशांत, अनोळखी माणसाच्या शेजारी थांबायला. जुनी छायाचित्रं या शिक्षणाचा सर्वांत विश्वासू पुरावा आहेत.

पुरावा म्हणायचं, तर आधी त्याचं साल ठरवता यायला हवं. मुंबईच्या ट्रामच्या चित्रांपुरतं हे काम अवघड नाही, कारण शहरानंच त्यांत खुणा ठेवल्या आहेत. ट्रामपुढे घोडे असतील तर चित्र १९०७ पूर्वीचं असण्याचा संभव मोठा, कारण विजेची पहिली ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली. डोक्यावर तारा आणि रस्त्याच्या कडेला खांब दिसले तर त्यानंतरचं. ट्रामला वरचा मजला असेल तर १९२० नंतरचं. शेजारी मोटारबस असेल तर १९२६ नंतरचं, कारण अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट ही पहिली बस त्या वर्षीच्या १५ जुलैला सुटली. घोड्यांच्या ट्रामच्या चित्रांतही आणखी चाळणी लावता येते. मागे राजाबाई टॉवर उभा असेल तर चित्र १८७० च्या दशकाच्या अखेरीनंतरचं. बोरीबंदरला वास्तुविशारद स्टीव्हन्सनं बांधलेलं व्हिक्टोरिया टर्मिनस पुरं झालेलं दिसत असेल तर १८८८ च्या पुढचं. त्याच्या समोर त्याच स्टीव्हन्सची महापालिकेची इमारत असेल तर १८९३ च्या पुढचं. लिलावाच्या सूचीत किंवा पोस्टकार्डाच्या पाठीवर लिहिलेल्या सालापेक्षा या खुणा जास्त भरवशाच्या असतात. पोस्टकार्ड टपालात पडलं ते साल आणि त्यावरचं चित्र टिपलं ते साल यांत दहा-दहा वर्षांचं अंतर पडू शकतं.

कॉजवेवरून फोर्टात शिरलं की फ्लोरा फाउंटन येतं. किल्ल्याचे तट १८६० च्या दशकात पाडले गेले आणि जुन्या चर्चगेटच्या जागी १८६४ साली हे कारंजं उभं राहिलं. तट पडल्यामुळेच ट्रामला जागा मिळाली. तटाच्या आत रस्ता अरुंद होता आणि दरवाजातून एका वेळी मोजकीच वाहनं जाणार. तट गेल्यावर मोकळा चौक मिळाला आणि चौक मिळाल्यावर वळण घेणारा रूळ टाकता आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या फाउंटनच्या चित्रांत साधारण एकच मांडणी पुन्हा पुन्हा येते. मधोमध कारंजं, त्याला वळसा घालणारे रूळ, एका बाजूला गिऱ्हाइकाची वाट पाहत ओळीनं उभ्या असलेल्या घोडागाड्या, आणि इमारतीच्या सावलीला चार माणसं. चित्र जवळून, भिंगाखाली पाहिलं की थांबलेल्या आणि हलत्या गोष्टींतला फरक कळतो. उभ्या गाडीच्या चाकाचे आरे एकेक करून मोजता येतात. गाडीवानाच्या पागोट्याच्या घड्या दिसतात. घोड्याचं धड स्पष्ट, पण मान मात्र पुसट, कारण माश्या उडवायला तो ती हलवत राहिला. आणि यांच्या पुढून रस्ता ओलांडणारा, डोक्यावर ओझं असलेला माणूस म्हणजे राखाडी रंगाचा एक ओघळ. त्याचं तोंड नाही, हात नाहीत. क्वचित जमिनीला टेकलेलं एक पाऊल तेवढं उमटलेलं असतं. अलीकडे याच ठिकाणी, आजच्या हुतात्मा चौकात, कामाच्या वेळी रस्त्याखालून ट्रामचे रूळ निघाले, त्यामुळे चित्रातलं वळण आणि जमिनीवरचं वळण आता ताडून पाहता येतं. त्या ओझंवाल्या माणसाच्या बाबतीत असं ताडायला काहीच उरलेलं नाही.

इथे पहिली हरकत येते आणि ती वजनदार आहे. हे सारं रसायनाचं काम आहे, समाजाचं नव्हे, असं कोणीही म्हणेल. छायाचित्रांच्या जुन्या काचा मंद होत्या, उघडझाप सावकाश होत होती, म्हणून हलणारं पुसलं गेलं आणि थांबलेलं उरलं. या हरकतीचा सर्वांत प्रसिद्ध दाखला पॅरिसचा. छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या दागेरनं १८३८ च्या सुमारास आपल्या खिडकीतून बुलेव्हार द्यु टॉम्पल या रस्त्याचं चित्र घेतलं. नाटकगृहांचा, गजबजलेला रस्ता. पॅरिसमध्ये घोड्यांच्या ओम्निबस १८२८ पासून धावत होत्या आणि मादलेन ते बास्तीय हा बुलेव्हारांवरून जाणारा मार्ग त्यांच्या पहिल्या मार्गांपैकी होता. तरीही चित्रातला रस्ता ओस आहे. कित्येक मिनिटं कॅमेरा उघडा राहिला, तेवढ्यात सगळ्या गाड्या आणि सगळे पादचारी येऊन निघून गेले. उरला तो एकच माणूस, खालच्या कोपऱ्यात, जोड्यांना पॉलिश करून घेत उभा असलेला. त्याच्या पायाशी पॉलिशवाल्याची आकृती. तारयंत्राचा जनक सॅम्युएल मोर्स याला १८३९ च्या मार्चमध्ये दागेरनं आपली चित्रं दाखवली, आणि त्यानं अमेरिकेला धाडलेल्या पत्रात नेमकी हीच गोष्ट नोंदवली: एरवी माणसांनी आणि गाड्यांनी भरलेला रस्ता निर्मनुष्य दिसतो, एक जोडे पुसून घेणारा तेवढा वगळून.

मोर्सची नोंद हरकतीला बळ देते, पण हरकतीचं उत्तरही त्या नोंदीतच आहे. रसायनानं थांबलेला माणूस टिपला हे मान्य. तो तिथे थांबला मात्र रसायनासाठी नव्हे. रस्त्यावर पैसे देऊन सेवा घेण्याची सोय झाली होती, म्हणून तो मिनिटं न् मिनिटं एका जागी उभा होता. मंद काच ही एक चाळणी आहे. ती शहराची तीन भागांत विभागणी करते. कोणाला थांबणं परवडतं, कोणाला थांबणं भाग आहे आणि कोणाला थांबताच येत नाही, हे ती नकळत नोंदवते. फाउंटनजवळ ट्रामच्या बाकावर बसलेला कारकून स्पष्ट येतो, कारण त्याला बसायची जागा विकत मिळाली आहे. व्हिक्टोरियाचा गाडीवान स्पष्ट येतो, कारण ताटकळणं हेच त्याचं काम आहे. ओझंवाला पुसला जातो, कारण ओझं डोक्यावर घेऊन उभं राहणं म्हणजे उगाच शीण. तिघांचं हे भविष्य कॅमेऱ्यानं ठरवलं नाही, त्यांच्या कामानं ठरवलं.

शिवाय काचा वेगवान झाल्यावर काय घडलं तेही पाहायला हवं. न्यूयॉर्कच्या एडवर्ड अँथनीनं १८५९ मध्येच ब्रॉडवेची ‘क्षणचित्रं’ काढून विकायला सुरुवात केली होती. त्यांत चालत्या माणसाचं उचललेलं पाऊल हवेत थिजलेलं दिसे. ऑलिव्हर वेंडेल होम्स या डॉक्टर-लेखकानं अशा चित्रांवरून माणूस नेमका कसा चालतो याचा अभ्यास केला आणि १८६३ साली तो प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या यादवी युद्धात पाय गमावलेल्या सैनिकांना कृत्रिम पाय बसवण्याचा प्रश्न तेव्हा ऐरणीवर होता. १८८० च्या सुमाराला तयार कोरड्या काचा बाजारात सर्रास मिळू लागल्या. म्हणजे वाहन धावतानाच टिपायचं असेल तर वाट मोकळी होती. तरीसुद्धा त्या काळातलं ट्रामचं सर्वांत गाजलेलं चित्र उभ्या ट्रामचं आहे. छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झनं १८९३ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये, हातात धरायच्या लहान कॅमेऱ्यानं, घोड्यांच्या ट्रामचं शेवटचं ठिकाण टिपलं. जमिनीवर बर्फ, घोड्यांच्या अंगातून निघणारी वाफ, त्यांच्याजवळ पाठमोरा गाडीवान. त्याच हिवाळ्यात फिफ्थ अव्हेन्यूवर हिमवादळात येणारी गाडी टिपण्यासाठी तो तीन तास रस्त्यावर उभा राहिला होता, असं त्यानंच पुढे लिहून ठेवलं. साधन वेगवान झाल्यावरही डोळा थांब्याकडेच गेला, कारण शहराची माणसं, जनावरं आणि नियम एकत्र दिसतात ते तिथेच.

यापुढची हरकत इतिहासाची आहे: थांबणं कुठे नवं आहे? मुंबईचा माणूस मचव्यासाठी भरतीची वाट पाहत धक्क्यावर बसतच होता, कोकणची गलबतं वाऱ्यासाठी अडून राहत होती, विहिरीवर पाण्यासाठी पाळी लावावीच लागत होती. हे सगळं खरं. पण भरतीची वाट पाहणं आणि ट्रामची वाट पाहणं यांत जातीचा फरक आहे. भरतीला उशीर होत नाही. ट्रामला होतो, आणि तो उशीर कोणाचा तरी दोष असतो. जिथे वेळापत्रक असतं तिथेच तक्रार जन्माला येते. हा फरक बोरीबंदरला आल्यावर अगदी डोळ्यांपुढे उभा राहतो. १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याची पहिली गाडी सुटली ती इथून, १४ डबे आणि सुमारे ४०० निमंत्रित घेऊन. आज उभी असलेली इमारत तिच्या मागून पस्तीस वर्षांनी पुरी झाली, आणि तिच्या दर्शनी भागावर मोठं घड्याळ बसलं. जुन्या चित्रांत त्या घड्याळाखाली ट्राम, बैलगाड्या आणि घोडागाड्या एकत्र दिसतात. परंतु ते घड्याळ आणि शहर यांचं पटत नव्हतं. रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची, शहर मुंबईच्या वेळेवर. दोघांत सुमारे अर्ध्या तासाचं अंतर. १८८१ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांनी मद्रासची वेळ शहरावर लादायचा प्रयत्न केला, तो लोकांनी हाणून पाडला. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ आली, पण मुंबई महापालिका आपली ३९ मिनिटं मागे असलेली वेळ १९५५ पर्यंत सोडायला तयार नव्हती. स्थानकासमोर ट्राममधून उतरणाऱ्या माणसाला खिशातल्या घड्याळात अर्धा तास मिळवूनच गाडी गाठावी लागे. भरतीसाठी थांबणाऱ्या त्याच्या आजोबाला असा हिशेब कधी करावा लागला नव्हता. छायाचित्रातलं घड्याळ नुसती शोभा म्हणून पाहिलं तर हा अर्ध्या शतकाचा झगडा नजरेतून सुटतो.

आता ट्रामच्या बाकांकडे वळू. घोड्यांची ट्राम दोन्ही बाजूंनी उघडी होती, आडव्या बाकांची, त्यामुळे आत कोण बसलंय ते रस्त्यावरच्या कॅमेऱ्याला सरळ दिसे. या बाबतीत बंद दारांच्या रेल्वेच्या डब्यापेक्षा ट्रामची चित्रं कितीतरी बोलकी आहेत. पागोटी, पारशी टोप्या, मुसलमानी टोप्या, उघडी डोकी. सगळी एका बाकावर, खांद्याला खांदा. ज्या शहरात वाड्या, आळ्या आणि मोहल्ले जातीपातीनुसार वसले होते, तिथे शेजारी कोण बसणार हे आता कंडक्टरनं फाडलेल्या तिकिटावर ठरू लागलं. अर्थात इथे भाबडं होऊन चालणार नाही. एका बाकावर बसणं म्हणजे बरोबरी नव्हे, आणि तिकीट सर्वांच्या आवाक्यातही नव्हतं. सुरुवातीचं भाडं तीन आणे होतं. प्रवासी वाढल्यावर ते दोन आण्यांवर आलं, आणि फुकटे वाढले म्हणून त्याच वर्षी छापील तिकिटं आली. दिवसाला मोजके आणे कमावणाऱ्या मजुराला दोन आणेही जड होते. गिरणगावातले कामगार गिरणीपासून पायी जाता येईल अशाच अंतरावरच्या चाळींत दाटीनं राहिले त्याचं एक मोठं कारण हेच. म्हणून ट्रामच्या चित्रात ट्रामइतकंच महत्त्वाचं काय असेल तर रुळांच्या दोन्ही बाजूंनी चालणारी माणसं. हजारो मुंबईकरांसाठी ट्राम ही बसायची वस्तू नव्हती, वाट द्यायची होती. मागून घंटा वाजली की बाजूला व्हायचं, हीही नव्या शहराची शिकवणच. रस्ता आता सगळ्यांचा राहिला नव्हता. त्याच्या मधोमध लोखंडाची एक मालकी आली होती.

या लोखंडावरून गाडी ओढणाऱ्या जनावरांची गणनाही बोलकी आहे. ९०० घोडे हा आकडा ऐकून ट्राम किती असतील असा अंदाज बांधला तर तो हमखास चुकतो. रुळांवरून चाक सहज फिरतं, पण भरलेला डबा दर थांब्यावर थांबवून पुन्हा हलवायचा, हे घोड्याच्या छातीवर आणि पायांवर येतं. म्हणून ट्रामचा घोडा दिवसाकाठी थोडेच तास जुंपला जाई आणि एका डब्यामागे कित्येक घोडे पागेत राखावे लागत. त्यांचा चारा, नाल, मालिश, शेण उचलणं, वैद्य. यांसाठी जी माणसं राबत ती एकाही चित्रात नाहीत. लंडनच्या जॉन थॉमसननं १८७७ साली रस्त्यावरच्या कष्टकऱ्यांची छायाचित्रमाला प्रसिद्ध केली, तीत ‘कास्ट-आयर्न बिली’ या टोपणनावाचा म्हातारा ओम्निबसवाला आहे. त्याच्या चित्रासोबत त्याची कहाणीही छापली आहे: दशकानुदशकं थंडीपावसात बसच्या उघड्या आसनावर काढल्यावर शरीराचं काय झालं, घरी काय परिस्थिती आहे. मुंबईच्या ट्रामच्या गाडीवानांना असा कोणी छायाचित्रकार-लेखक मिळाला नाही, ही खरोखर मोठी हानी आहे. त्यांचे चेहरे आहेत, अगदी स्पष्ट आहेत, पण त्यांच्यामागे गोष्ट नाही.

याच ठिकाणी तिसरी हरकत उभी राहते. ही चित्रं काढली कोणी आणि कोणासाठी? क्लिफ्टन किंवा बोर्न अँड शेपर्ड यांसारख्या छायाचित्रपेढ्या साहेब लोकांना आणि प्रवाशांना विकायला चित्रं काढत होत्या. त्यांना रुंद रस्ते, गॉथिक इमारती आणि ‘देशी वस्ती’ची रंगीत गर्दी हवी होती. मग त्यांच्या चित्रांवरून मुंबईकराच्या जगण्याबद्दल निष्कर्ष काढणं म्हणजे जाहिरातीवरून दुकानाचा हिशेब लावण्यासारखं नाही का? हरकत अर्धी मान्य करायला हवी. चौकट त्यांनी ठरवली, मथळा त्यांनी दिला आणि काय वगळायचं तेही त्यांनीच ठरवलं. बायकांचं उदाहरण पुरेसं आहे: या चित्रांत त्या दिसतात त्या बहुधा पायी, टोपली किंवा घडा घेऊन, ट्रामच्या बाकांवर क्वचितच. त्या खरोखर बसत नव्हत्या, की कॅमेरा पाहून पदर ओढून मागे सरकल्या, की त्या वेळेला घराबाहेर नव्हत्या, हे चित्र सांगू शकत नाही. पण हरकतीचा दुसरा अर्धा भाग टिकत नाही. पहिली गोष्ट, कॅमेरा केवळ साहेबांच्या हाती नव्हता. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली, आणि भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी मंडळी तिच्यात होती. हरिश्चंद्र चिंतामण यांचा छायाचित्रणाचा धंदा मुंबईत नावारूपाला आला होता. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. चौकट ठरवता येते, पण चौकटीच्या आतलं सगळं नाही. इमारत टिपायला उभ्या राहिलेल्या छायाचित्रकाराच्या काचेवर इमारतीपुढची ट्राम, तिच्यापुढची हातगाडी आणि हातगाडीपुढचा अनवाणी मुलगा हेही येतातच. विकणाऱ्याला ज्याचं महत्त्व नव्हतं तेच आज सर्वांत खात्रीचं आहे, कारण त्याची मांडणी कोणी केलेली नाही. आणि या साक्षीला लिखाणाची जोड द्यायची तर ‘मुंबईचें वर्णन’ आहे. गोविंद नारायण माडगांवकरांचं ते पुस्तक १८६३ मध्ये निघालं, ट्रामच्या अकरा वर्षं आधी. त्यात शहराचे रस्ते आणि वाहनं मराठी डोळ्यांनी पाहिलेली आहेत. छायाचित्र जिथे मुकं राहतं तिथे असं लिखाण बोलतं.

थांबण्याची ही शिस्त नेहमी सौम्य नव्हती, हेही चित्रांतूनच दिसतं. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग निघाला आणि शहर रेल्वेनं, बोटीनं बाहेर पळू लागलं. त्या काळात रेल्वेच्या प्रवाशांच्या तपासणीची छायाचित्रं घेतली गेली. ज्या फलाटावर काल माणूस गाडीसाठी थांबत होता, त्याच फलाटावर आज सरकारी डॉक्टरापुढे थांबतो आहे. ओळ तीच, आज्ञाधारकपणा तोच. ठरलेल्या जागी ओळीनं उभं राहायची सवय एकदा लागली की ती कोणत्या कामासाठी वापरायची हे ओळीतला माणूस ठरवत नाही. प्रवासाच्या सोयीचा इतिहास लिहिताना हे पान बहुतेक वेळा गाळलं जातं. ते गाळू नये, कारण आधुनिक शहराची सोय आणि त्याची पकड एकाच फलाटावर उभी होती.

क्रॉफर्ड मार्केटच्या चौकातून पायधुणीकडे वळलं की आणखी एक गैरसमज दूर करावासा वाटतो. घोड्यांच्या ट्रामची चित्रं आज सर्रास ‘निवांत मुंबई’ म्हणून दाखवली जातात आणि पाहणारा हळहळतो. चित्रात आवाज नसतो आणि वास नसतो, एवढाच त्या निवांतपणाचा अर्थ आहे. १८७२ च्या गणनेत मुंबईची लोकसंख्या ६,४४,४०५ होती, आणि तीही बहुतांशी बेटाच्या दक्षिणेकडच्या चिंचोळ्या भागात कोंबलेली. दगडी रस्त्यावर लोखंडी धावांच्या बैलगाड्या, घोड्यांच्या टापा, ट्रामची घंटा, शेणाचा आणि उघड्या गटारांचा दर्प. हे सगळं काचेवर उमटलं नाही. मंद काचेनं गर्दी पुसली आणि आपण त्या पुसलेल्या जागेला मोकळीक समजलो. विजेच्या ट्रामनंतरची चित्रं या बाबतीत जास्त प्रामाणिक आहेत. त्यांत माणसं फळीवर लोंबकळताना दिसतात, कारण आता कॅमेऱ्यालाही लोंबकळणारा माणूस पकडता येत होता. पुढे मोटारी वाढल्या आणि रूळ सोडून बाजूला न होऊ शकणारी ट्राम त्यांच्यात अडकू लागली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली, तेव्हा तिला निरोप द्यायला लोक रस्त्यावर उतरले होते. नव्वद वर्षं ज्या वाहनासाठी थांबायची सवय झाली होती, त्याच्या जाण्याचं दुःख खरं होतं. ट्रामला ‘संथ’ म्हणून हिणवणाऱ्यांपेक्षा त्या गर्दीला तिची किंमत जास्त ठाऊक होती.

काळबादेवीचा दुसरा मार्ग आज जमिनीखालून पुन्हा जोडला गेला आहे. कफ परेड ते आरे ही सुमारे ३३ किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली, आणि तिच्यावर हुतात्मा चौक, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि काळबादेवी ही स्थानकं ओळीनं येतात. बोगद्यात धावणाऱ्या गाडीचा फोटो प्रवाशाला घेताच येत नाही. म्हणून लोकांनी घेतलेली तिची छायाचित्रंही फलाटाची, सरकत्या जिन्यांची आणि काचेच्या दारांपुढे आखून दिलेल्या रेषांमागे उभ्या असलेल्या माणसांची आहेत. ती भविष्यात कोणी पाहील तेव्हा त्याला उपयोगी पडेल ते फलाटाच्या सजावटीपेक्षा त्या माणसांबद्दल आजच लिहून ठेवलेलं काही. अणिक आगारातल्या बेस्टच्या संग्रहालयात जुन्या ट्रामची माहिती, प्रतिकृती आणि तिकिटं जपली आहेत. ती तिकिटं फाडणारे, ट्राम धुणारे आणि रूळ दुरुस्त करणारे यांच्या आठवणी गोळा करण्याचं काम मात्र अजून व्हायला हवं. १९६४ साली विशीत असलेली माणसं आज ऐंशीच्या पुढे आहेत. जुन्या छायाचित्रांना मथळे देण्यासाठी त्यांच्यापाशी जायला आता फार वर्षं शिल्लक नाहीत.